अपेक्षित वेळ

फॉर्म अर्धा भरून ठेवलायस तू.
नाव, वय, रक्तगट, टी-शर्टचं माप.
आणि खाली दोघांपुढंही एकच आकडा :
अपेक्षित वेळ, दोन तास पस्तीस मिनिटं.

म्हैसूर. ऑक्टोबरचा तिसरा रविवार.
मिरजेहून रात्रीची गाडी.
पैसे परत मिळणार नाहीत, हे लाल अक्षरांत.
मुदत उद्या रात्री बारापर्यंत.
"मग? भरू?" विचारून तू दात घासायला गेलास,
जणू लाईटबिलाचंच विचारतोयस.

मी आपली अडचणी मोजत बसले.
शनिवारी पतसंस्थेत ऑडिट.
तुझा उजवा गुडघा, जो जिना उतरताना बोलतो
आणि डॉक्टरांपुढं मुका होतो.
सूर्य वर आल्याशिवाय तू पाण्याचा थेंब घेत नाहीस
आणि शर्यत सुटणार साडेपाचला.
म्हणजे पहिले पाच किलोमीटर कोरडे.
तिथली पोरं कागदी पेले पुढं करतील,
तू हात जोडून पुढं जाशील,
आणि तहान मला लागेल.

मग तो रकाना : तातडीच्या वेळी कुणाला कळवायचं.
तू माझा नंबर घातलायस, माझ्यापुढं तुझा.
अरे, दोघंही पळत असू तेव्हा
सामानाच्या तंबूत एकाच पिशवीत
दोन्ही फोन शेजारी शेजारी वाजत बसतील.
हुपरीच्या शांतिनाथ भाऊजींचा द्यावा, तर
ते विचारणार, "श्रेणिक पळतोय? कुणाचं देणं झालंय?"

हे सगळं खरं आहे.
आणि यातलं एकही कारण नाही.

रंकाळ्याची फेरी चार किलोमीटर का सव्वाचार,
यावर आपली घड्याळं भांडतात.
पण संध्यामठाच्या अलीकडं माझी लेस रोज सुटते,
यावर तू कधी भांडला नाहीस.
एप्रिलपासून सुटते. एकाच बुटाची.
मी वाकते, दोन गाठी मारते, मनात शंभर मोजते.
तू धापा टाकत येतोस नि म्हणतोस,
"ह्या कंपनीच्या लेसच खराब."
लक्ष्मीपुरीतून नवी जोडी आणलीस, पोपटी.
ती पण सुटते.

एका फेरीला ठीक आहे.
एकवीस किलोमीटर, परक्या गावात,
किती वेळा वाकू?
आणि नाही वाकले, तर
मागं वळून बघायचं का नाही बघायचं?
लग्नात सोपं होतं. फेरे मोजून सात,
उपाध्ये थांबा म्हणाले तिथं थांबलो.

सकाळी सव्वापाचला टॉवरजवळ
मी दोन्ही लेसांच्या गाठी आत खोचल्या.
तू बघत होतास.

आधी तुझी पावलं कानात होती,
मग नुसता श्वास,
मग कुठल्यातरी पाणपक्ष्याचा कलकलाट.
संध्यामठ आला. गेला.
इतकी हलकी होते मी की लाजच वाटली,
आणि लाजेनंही पाय मंदावले नाहीत.

तू आलास पाच मिनिटं वीस सेकंदांनी.
(मोजली, हो.)
गुडघ्यांवर हात टेकून बराच वेळ वाकलेला.
"कधीपासनं?"
"एप्रिल."
"आणि लेस?"
मी तळ्याकडं बघितलं.
हसशील असं वाटलं, हसला नाहीस.
कट्ट्यावर बसलास, मध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून,
ऊन पाण्याला लागेपर्यंत.
मग बाटली उघडलीस, अर्धी संपवलीस,
अर्धी माझ्यापुढं धरलीस.

गंगावेशीत, म्हशीच्या शेपटीपासून जरा लांब उभं राहून,
ओठावर दुधाच्या फेसाची मिशी,
तू फोन माझ्या हातात दिलास.
"तुझी वेळ तू लिही. माझी असू दे आहे ती."

दोन तास दहा, लिहिलं.
खोडलं.
दोन तास पाच.

तातडीच्या रकान्यात भाऊजींचा नंबर घातला, दोघांपुढंही.
एवढ्या पहाटे उठतात का रे ते?
उठतात की, म्हणालास,
पण आधी सांगून ठेवू,
नाहीतर परराज्यातला नंबर बघून कापतील.